गठ्ठ्याने विकली गेलेली गावे

नेदरलँड्सच्या राजाच्या लांबलचक बिरुदावलीत आजही एक बिरूद आहे : आमेलांडचा वंशपरंपरागत आणि स्वतंत्र धनी. आमेलांड हे उत्तरेकडच्या वाडन समुद्रातले वाळूचे लांबट बेट. फ्रीसलँडच्या नसाऊ घराण्यातल्या हेन्रिएट अमालिया या विधवेने १७०४ साली ते १ लाख ७० हजार गिल्डरांना विकत घेतले. अल्पवयीन मुलाच्या वतीने ती कारभार पाहत होती, आणि आजचे राजघराणे त्याच मुलाच्या वंशातले आहे. त्या पैशात नुसती कुरणे आणि वाळूच्या टेकड्या आल्या नाहीत. बेटावर न्याय कोणी करायचा, कोणाला कामावर नेमायचे, कोणाकडून काय वसूल करायचे, हे सगळे सौद्यात होते. आमेलांडचे जुने धनी तर स्वतःला कोणाचेच मांडलिक मानत नसत. पहिल्या इंग्रज-डच युद्धात १६५४ साली त्यांनी इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्याशी स्वतंत्र तटस्थतेचा करार केला होता.

असे विकत घेता येणारे, वारशाने मिळणारे गावचे धनीपण म्हणजे डच भाषेत ‘हेरलेकहाइट’. मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा शब्द ‘वतन’. जहागीर म्हटले की जमीन डोळ्यांसमोर येते, वतन म्हटले की अधिकार येतो, आणि हेरलेकहाइटचा गाभा अधिकाराचाच होता. एखाद्या धन्याची गावात एकरभरही जमीन नसली तरी तो गावचा धनी असे.

या संस्थेबद्दल आजही दोन टोकांनी बोलले जाते. एका बाजूला खंदकातला वाडा, बीच वृक्षांची रांग आणि घराण्याची कुळचिन्हे यांचे प्रेम. दुसऱ्या बाजूला ‘सरंजामशाही ती, गेली ते बरे झाले’ असा एका वाक्यात निकाल. जुन्या वाड्यांच्या इस्टेटींना करसवलत द्यावी का, त्यांच्या जमिनी कोणाच्या ताब्यात असाव्यात, हा आजचा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि या दोन्ही वृत्तींनी तो सुटत नाही. हेरलेकहाइट ही कधीच एक वस्तू नव्हती. ती वेगवेगळ्या हक्कांची मोळी होती. ज्या ज्या वेळी डच राज्यकर्त्यांनी मोळी सोडून एकेक काडी तपासली, त्या वेळी निर्णय टिकला. आजही तेच करायला हवे.

मोळीत काय काय होते ते आधी नीट पाहू.

हॉलंड प्रांतातल्या साध्या गावात धन्याकडे खालच्या दर्जाची न्यायसत्ता असे. अशा गावाला ‘आम्बाख्त’ म्हणत. धनी एक ‘स्खौट’ नेमायचा. हा गावचा पोलीस, फिर्यादी पक्ष आणि कारभारी असे तिन्ही एकच माणूस. त्याच्याबरोबर पाच-सात ‘स्खेपेन’, म्हणजे गावातलेच बसते पंच. हे पंच दिवाणी कज्जे आणि किरकोळ मारामाऱ्या निकाली काढत. घर-जमिनीची खरेदीखते आणि गहाणखतेही त्यांच्यासमोर नोंदली जात. फ्रेंच अमलात, १८११ साली, ही पंचायत कायमची बंद झाली. त्यांच्या वह्या मात्र सरकारी दप्तरखान्यांत आहेत आणि जमिनीचा इतिहास शोधणाऱ्याला त्यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. वरच्या दर्जाची सत्ता असली की धन्याचा ‘बाल्यू’ फाशीची शिक्षासुद्धा मागू शकत असे, आणि गावाच्या वेशीवर फाशीचा खांब उभा राहत असे.

बिघाड इथूनच सुरू होत असे. नेमलेल्या माणसाला पगार जवळजवळ नसे. त्याचे पोट शुल्कावर आणि दंडातल्या वाट्यावर चाले. उलट नेमणुकीच्या बदल्यात तोच धन्याला दरवर्षी ठराविक रक्कम देई. ती भरून काढायची तर दंड हवेत, आणि दंड हवेत तर गुन्हे हवेत. यातूनच ‘कॉम्पोझिशन’ची पद्धत बोकाळली. खटला उभा राहण्याआधीच आरोपीने अधिकाऱ्याला रक्कम द्यायची आणि प्रकरण मिटवायचे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो सुटतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला धरणे, कोठडीत पोसणे आणि शिक्षा देणे हा धन्याच्या माथी निव्वळ खर्च. न्याय ही उत्पन्नाची बाब केली की न्यायाधीश चांगला असो वा वाईट, हिशेब असाच बसतो. दोष माणसाचा कमी आणि रचनेचा जास्त होता.

मग नेमणुकांची यादी : गावचा लेखनिक, दवंडीवाला शिपाई आणि शाळामास्तर. हा मास्तर बहुधा चर्चचा सेवकही असे. तोच घंटा वाजवी आणि मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देई. अनेक ठिकाणी धर्मोपदेशक कोण असावा यातही धन्याचा शब्द चाले.

पुढे वारा. पवनचक्की उभारायची तर धन्याची परवानगी आणि वर्षाला ‘वाऱ्याचे पैसे’. काही ठिकाणी सक्तीची चक्की असे, म्हणजे गावकऱ्याने दळण त्याच चक्कीवर न्यायचे. मासेमारी, शिकार, नदीवरची नाव आणि हंस पाळण्याचा हक्कही असे. हंसांच्या चोचीवर आणि पायाच्या पडद्यावर खुणा कापून कोणता पक्षी कोणाचा हे ठरवत.

शेतकऱ्याला सगळ्यात जास्त टोचत असे तो दशमांश. तो मूळचा चर्चचा, पण पुष्कळ ठिकाणी धन्याच्या हाती गेलेला. दर दहावी पेंढी त्याची. धान्याचा मोठा दशमांश, किरकोळ पिकांचा छोटा, आणि वासरे-कोकरे यांचा जिवंत दशमांश, असे त्याचे प्रकार. पीक उभे असतानाच या वसुलीचा लिलाव होई आणि लिलाव घेणारा शेतावर येऊन पेंढ्या मोजे. कापलेले पीक मोजणी होईपर्यंत हलवायचे नाही, मग आभाळ भरून आले तरी थांबायचे. खरे नुकसान मात्र याहून खोल होते. दशमांश निव्वळ नफ्यावर नव्हता, तो एकूण पिकावर होता. ज्याने खत टाकले, चर खणले, बी चांगले आणले, त्याने वाढलेल्या पिकाचाही दहावा हिस्सा द्यायचा आणि खर्च एकट्याने सोसायचा. जमीन सुधारणाऱ्यावरच हा दंड होता. नवे पीक आले, नवी जमीन लागवडीखाली आली, की तिच्यावर दशमांश लागतो का यावर वर्षानुवर्षे दावे चालत.

दक्षिणेकडच्या झीलंडमध्ये मोळीतली सगळ्यात मोलाची काडी होती ती नव्या गाळाची. भरतीबरोबर आलेला गाळ बांधाबाहेर साचतो. आधी तो रोज दोनदा पाण्याखाली जाणारा चिखल असतो. उंची वाढली की त्यावर खारी वनस्पती रुजते, मग गवत धरते, आणि शेवटी फक्त मोठ्या उधाणालाच पाणी वर येते. कोकणातल्या माणसाला खाजण ओळखीचे असते, त्याचीच ही पुढची अवस्था. त्यावर मेंढ्या चरतात. जमीन ‘पिकली’ असे जाणकारांनी म्हटले की परवाना घेऊन बांध घालायचा. घाई केली तर जमीन खोल राहते आणि तिचे पाणी बाहेर काढणे जन्मभर महाग पडते. हा गाळ कोणाचा? धनी म्हणे आमचा, वाढीचा हक्क आमच्या सनदेत आहे. झीलंडमध्ये हे हक्क वारसांत वाटले जात, त्यामुळे एका गावचे अनेक भागीदार धनी होत. प्रत्येकाचा हिस्सा जमिनीच्या मापात लिहिलेला असे आणि सगळ्यांच्या वतीने एक कारभारी वसुली करून वाटप करी. गावचे धनीपण तिथे भागभांडवलासारखे झाले होते. शेतात कोण राबतो याच्याशी भागीदारांचा काडीचा संबंध उरला नव्हता.

सतराव्या शतकात हेच हॉलंडमध्ये व्यापाऱ्यांनी आणि मुत्सद्द्यांनी केले. अ‍ॅमस्टरडॅमचा आद्रियान पाऊ याने १६२० साली हार्लेमजवळचे हेमस्टेड घेतले. पुढे स्पेनशी झालेल्या १६४८च्या म्युन्स्टर तहाच्या वाटाघाटीत तो हॉलंडचा प्रतिनिधी होता, आणि त्या तहाची आठवण म्हणून त्याने आपल्या वाड्यापाशी बांधलेला शांतिपूल अजून उभा आहे. कवी आणि ऑरेंजच्या राजपुत्राचा सचिव कॉन्स्टँटाइन हायगेन्स याने १६३० साली वाल नदीकाठचे झाउलिखेम घेतले. शनीचे कडे ओळखणारा ख्रिस्तियान हायगेन्स हा त्याचा मुलगा, आणि तोही गावाचे नाव आपल्या नावापुढे लावत असे. मांडलिकी पद्धतीने असलेला हक्क वारसाने ठराविक मुदतीत, हॉलंडमध्ये साधारण वर्ष आणि सहा आठवड्यांत, वरिष्ठ धन्याच्या दप्तरात आपल्या नावे करून घ्यावा लागे आणि नजराणा भरावा लागे. कुठे ससाणा, कुठे हातमोज्यांची जोडी, कुठे त्याऐवजी रोख. मुदत चुकली तर हक्क जाण्याची भीती.

शहरेही धनी झाली, आणि हा भाग वाडाप्रेमी लोक सोयीस्करपणे विसरतात. अ‍ॅमस्टरडॅमने १५२९ साली ब्रेडेरोडे घराण्याकडून आम्स्टेलवेन, स्लोटेन आणि आसपासची आम्बाख्ते विकत घेतली. हवा खायला नव्हे. भिंतीबाहेर दारू गाळणारे, कापड विणणारे आणि दुकान थाटणारे वाढले तर शहराचा कर आणि धंदा बुडतो, म्हणून. दोनच वर्षांनी, १५३१ मध्ये, सम्राट पाचव्या चार्ल्सने हॉलंडच्या शहरांच्या आग्रहावरून गावांतल्या नव्या उद्योगांवर बंदी घातली. शहराने नेमलेला स्खौट आता त्या बंदीवर पहारा देणार होता. नगरपालिका म्हणजे लोकसत्ता आणि सरदार म्हणजे जुलूम, अशी सोपी विभागणी इथे कोसळते. धनी कोण हा प्रश्न दुय्यम आहे. नेमणुकीचा अधिकार विकत मिळतो, हाच मूळ रोग होता.

एक गोष्ट मात्र बहुतेक धन्यांच्या मुठीबाहेर राहिली : पाणी. रेनलँड, डेल्फलँड, स्खीलँड यांसारखी जलमंडळे गावांच्या सीमा पाहून चालत नव्हती. पाणी जिथून वाहते तिथपर्यंत त्यांची हद्द, आणि वर्गणी जमिनीच्या मापावर. बांधाचा कोणता तुकडा कोणी राखायचा हे जमिनीला बांधलेले असे आणि पाहणीच्या दिवशी तुकडा कच्चा निघाला तर दंड. जलमंडळांतही मोठ्या जमीनमालकांचाच आवाज मोठा होता. तरीही कामाप्रमाणे हद्द आणि लाभाप्रमाणे वर्गणी हे तत्त्व तिथे शतकानुशतके चालले. धनीपण नसले तर गाव चालणार कसे, या त्या काळच्या प्रश्नाचे उत्तर त्याच मातीत उभे होते.

१७९५ साली फ्रेंच फौजांच्या पाठबळावर जुनी सत्ता उलथवणारी बटाव्हियन क्रांती झाली आणि १७९८ मध्ये देशाची पहिली राज्यघटना आली. तिचे २४वे कलम लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. कोणत्याही व्यक्तीला किंवा संस्थेला गावाच्या कारभारावर अधिकार देणारे, किंवा तिथले अधिकारी नेमू देणारे धनीपणाचे हक्क आणि बिरुदे कोणतीही भरपाई न देता कायमची रद्द. पुढचे कलम दशमांशासारख्या सरंजामी देण्यांचे. तिथे सूर वेगळा आहे. उभयपक्षी राजीखुशीच्या करारातून आलेला हक्क वेगळा धरला गेला. घटनाकारांनी मोळी बरोबर सोडली होती. सार्वजनिक अधिकार ही मालमत्ता नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच नाही. उत्पन्नाचे हक्क मात्र तपासून घ्यायचे. माझ्या मते डच कायद्याच्या इतिहासातले हे सर्वांत स्वच्छ पान आहे.

मग ‘कायमचे’ सोळाच वर्षे का टिकले? १८०१ मध्ये नवी घटना, १८०६ मध्ये नेपोलियनच्या भावाचे राज्य, १८१० मध्ये फ्रान्समध्ये विलीनीकरण. कायदा लिहिला गेला, पण एकेका गावातला एकेक हक्क नोंदवून निकाली काढणारी यंत्रणा टिकलीच नाही. दशमांश आणि इतर देणी लोंबकळत राहिली. आपले बुडाले म्हणणारे धनी अर्जांमागून अर्ज करत राहिले. १८१३ मध्ये ऑरेंज घराणे, म्हणजे आजचे राजघराणे, परतले. नव्या सार्वभौम राजपुत्राला सरदार आणि जुन्या शहरी घराण्यांचा आधार हवा होता. २६ मार्च १८१४च्या फर्मानाने धन्यांना शिकार-मासेमारी परत मिळाली आणि गावच्या कारभाऱ्यांसाठी नावे सुचवण्याचा हक्कही मिळाला. फाशीचा खांब परत आला नाही, न्याय राज्याकडेच राहिला. पण गावचा प्रमुख कोण, यात पुन्हा खासगी शब्द शिरला, आणि तो पुढे ३४ वर्षे तिथेच राहिला.

१८४८ मध्ये उदारमतवादी नेता टॉरबेक याच्या घटनादुरुस्तीने तो काढला. सार्वजनिक पदांसाठी नावे सुचवण्याचे किंवा माणसे नेमण्याचे धनीपणाचे हक्क रद्द, एवढे एका वाक्यात. उरलेले हक्क आणि त्यांची भरपाई कायद्याने ठरवता येईल, हे पुढच्या वाक्यात. पुन्हा तीच १७९८ची विभागणी, आणि या वेळी ती टिकली. कारण १८५१च्या नगरपालिका कायद्याने रिकामी झालेली जागा लगेच भरली : निवडलेली परिषद, ठरलेला अर्थसंकल्प, प्रांताची देखरेख. त्या वेळी देशात सुमारे १,२०० पालिका होत्या आणि त्यांतल्या अनेकींची हद्द म्हणजे जुन्या हेरलेकहाइटचीच हद्द होती. आज त्या ३४२ आहेत.

एक काडी मात्र तेव्हा अर्धीच सुटली, आणि हे स्पष्ट बोलले पाहिजे. धन्याचा नेमणुकीचा शब्द गेला, पण तो गावकऱ्यांकडे आला नाही, राजाकडे गेला. आजही डच महापौर थेट निवडून येत नाही. २००१ पासून परिषद शिफारस करते, २०१८ मध्ये नेमणुकीची तरतूद घटनेतून काढली गेली, पण साध्या कायद्यात ती तशीच आहे. शिफारस बहुधा मानली जाते म्हणून चालले आहे, चालू द्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. १८४८चा युक्तिवाद प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला तर गावचा प्रमुख गावाने किंवा त्याच्या निवडलेल्या परिषदेने ठरवला पाहिजे, आणि कायद्यात तसे लिहिलेले असले पाहिजे.

उत्पन्नाच्या हक्कांचे विसर्जन फार सावकाश झाले. दशमांश १९०७च्या कायद्याने गेला. राज्याने हक्कदारांना मोबदला दिला आणि जमीनमालकांनी तो राज्याला हप्त्यांनी फेडला. धन्यांचे शिकारीचे हक्क १९२३च्या शिकार कायद्याने संपले. १७९८ पासून मोजले तर सव्वाशे वर्षे. हा उशीर शेतकऱ्यांच्या चार-पाच पिढ्यांनी भरला. पैसे देऊन हक्क सोडवण्यात काही चूक नव्हती. चूक होती ती मोबदल्याची पद्धत ठरवायला शतक घालवण्यात. मासेमारीचे काही जुने हक्क अजून जिवंत आहेत, विकले जातात, आणि त्यांच्यासोबत ‘अमुक गावचा धनी’ म्हणवून घेण्याची हौसही विकली जाते. त्या बिरुदाने सरदारकी मिळत नाही. हौसेला हरकत नाही, पण पाण्यावरचा प्रत्येक असा हक्क जमिनीच्या सार्वजनिक नोंदीत कोणालाही दिसेल असा असावा, आणि कोणी तो विकायला काढला तर पहिली संधी पालिकेला किंवा जलमंडळाला मिळावी.

आता जमीन. इथे मी वाडाप्रेमींच्या बाजूने थोडा बोलणार आहे. पूर्वेकडे डेल्डेनजवळचे ट्विकल घ्या. नाव १३४७ पासूनचे. नेमके बोलायचे तर ती हेरलेकहाइट नव्हती. ते ‘हाफेझाटे’ होते, म्हणजे ज्याच्या मालकीमुळे प्रांताच्या सरदारसभेत जागा मिळे असे घर. भोवती सुमारे ४,००० हेक्टर. शंभराहून अधिक शेतघरे, खिडक्यांची झडपे काळ्या-पांढऱ्या रंगांची, त्यामुळे लांबूनच मालकी कळते. १७७१ मध्ये इथल्या धन्याने लाकूड आणि माल वाहायला कालवा खणायला घेतला, पाण्यावर चालणारी करवत उभी केली. शेवटच्या मालकिणीला मूल नव्हते. वाटणी होऊन जंगल एका हाती, शेती दुसऱ्या हाती आणि वाडा तिसऱ्या हाती जाऊ नये म्हणून तिने १९५३ मध्ये प्रतिष्ठान स्थापले. १९७५ मध्ये ती वारली, इस्टेट अखंड राहिली. अखंड राहिल्याचा लाभ दप्तरालाही झाला. अठराव्या शतकातल्या सहा कॉन्चेर्तोंचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनांचा, खरा रचनाकार या घराण्यातलाच उनिको विल्हेल्म व्हान वासेनार होता, हे १९८०च्या सुमारास वाड्यातल्या हस्तलिखितामुळे सिद्ध झाले. ओढ्याचे पाणी वर अडवले तर खालचे जंगल आणि कुरण ओले राहते. हे एका मालकाला एका हिशेबात करता येते. पन्नास मालकांना त्यासाठी पन्नास करार लागतात.

अशा इस्टेटींना १९२८च्या निसर्गसौंदर्य कायद्याने करसवलत मिळते. साधारण अट अशी : किमान ५ हेक्टर, किमान ३० टक्के झाडी किंवा निसर्गक्षेत्र, आणि २५ वर्षे तसेच राखणे. लोकांना वाटा खुल्या ठेवल्या तर वारसाकराची सवलत जास्त. हा सौदा मूळात न्याय्य आहे. पैसा सार्वजनिक, म्हणून वाट सार्वजनिक.

पण कायदा मोळीतली फक्त झाडाची काडी पाहतो, कुळाची पाहत नाही. नियमित पट्ट्यात, म्हणजे जमीन कसायला देण्याच्या करारात, घरासह शेताची मुदत १२ वर्षे, सुट्या जमिनीची ६, आणि पुढे आपोआप वाढ. २००७ पासून मोकळ्या पट्ट्याची सोय झाली : सहा वर्षांपर्यंत किंवा एकाच हंगामासाठीही जमीन द्यायची, खंडावर नियंत्रण नाही, मुदत संपली की कूळ बाहेर. मालकाला हे सोपे, म्हणून ते पसरले. मातीवर काय होते ते सरळ आहे. भूमिगत निचऱ्याच्या नळ्यांचा खर्च भरून यायला अनेक वर्षे लागतात, एका हंगामाचे कूळ त्या घालणार नाही. शेणखत, चुना आणि हिरवळीचे पीक यांचे फळ पुढच्याला मिळणार, मग आज कोण घालतो? बटाटा त्याच शेतात चार वर्षांतून एकदाच घ्यावा, नाहीतर सूत्रकृमी मातीत ठाण मांडतात. पण दरवर्षी कूळ बदलले तर मागची पिके कोणी मोजलेली नसतात. दशमांशाने जमीन सुधारणाऱ्याला दंड केला. आखूड पट्टाही तेच करतो, फक्त पावती वेगळी.

म्हणून करसवलत मागणाऱ्या प्रत्येक इस्टेटीने, ती घराण्याची असो की प्रतिष्ठानाची, वाटांच्या नकाशासोबत पट्ट्यांची यादीही जोडावी : किती हेक्टर नियमित मुदतीवर, किती मोकळ्या पट्ट्यावर, प्रत्येक शेताची मागच्या चार वर्षांची पिके. शेतीच्या निम्म्याहून अधिक जमीन १२ वर्षांहून आखूड मुदतीवर असेल तर सवलत त्या प्रमाणात कमी व्हावी. आणि प्रतिष्ठानाच्या मंडळावर कुळांनी स्वतः निवडलेला किमान एक माणूस असावा, मंडळाने निवडलेला नव्हे.